‘कुणासमोर’ हा रकाना

लहान मूल विनाकारण काहीही करत नाही. त्याचं प्रत्येक वागणं ही एक हाक असते, आणि ज्याला ती हाक ऐकू येत नाही त्याने शिक्षक होऊ नये, आईबाप तर त्याहून होऊ नये. हे वाक्य मी तांता शहरातल्या बालवाडी-शिक्षिकांच्या महाविद्यालयात एकोणीस वर्षं, दर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, खिडकीबाहेर बघत उच्चारत आलो. पुढच्या बाकावरच्या मुली ते लाल शाईने अधोरेखित करतात. विसाव्या वर्षी माझ्या स्वतःच्या मुलीने, चार वर्षं पाच महिन्यांच्या रीताजने, उजव्या नाकपुडीत फुटाणा घातला, आणि ती हाक आहे हे मी तत्काळ ओळखलं. फक्त ती मला नव्हती.

तिच्या धाकट्या भावाच्या, अनसच्या, जन्माला सहा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याचं सुबूअ, म्हणजे सातव्या दिवसाचा सोहळा, आणि त्यासाठी माझ्या सासूबाई दिवाणखान्यात चटई अंथरून फुटाणे, शेंगदाणे आणि साखरेच्या गोळ्या छोट्या निळ्या पिशव्यांत भरत होत्या. मुलगा असला की निळ्या. सासूबाईंचं नाव एतिमाद. हजला जाऊन आल्यापासून सगळे त्यांना हाज्जा म्हणतात आणि त्याही स्वतःला हाज्जाच म्हणवून घेतात. रीताज, जी त्यांना तेता, म्हणजे आजी, म्हणते, त्यांच्या गुडघ्याशी बसली होती. मी दाराच्या आत, खुर्चीवर, वर्तमानपत्रामागे होतो. म्हणजे वर्तमानपत्राच्या कडेवरून बघत होतो, कारण निरीक्षण हा माझा धंदा आहे. तेवढ्यात कुणीतरी मला खालून हाक मारली, मी बाल्कनीत गेलो, आणि त्या दोन मिनिटांत ते घडलं. मी परत आलो तेव्हा एवढंच ऐकू आलं :

“तेता, माझ्या नाकात काय आहे सांग.”

“शेंबूड,” सासूबाई पिशवीला गाठ मारत म्हणाल्या.

“नाही. हरलीस.”

मग जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी परमेश्वराला, प्रेषिताला आणि तांत्याच्या पीरबाबाला एका श्वासात बोलावलं. आतल्या खोलीतून माझी बायको नशवा, टाक्यांवर हात दाबत, अनवाणी धावत आली. सहा दिवसांत ती पलंगावरून न्हाणीघरापर्यंतसुद्धा भिंत धरून जात होती. शेजारीण आली. जिन्यातली मांजर आली. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या आणि त्या पाठींच्या मधोमध रीताजचा चेहरा होता, वर उचललेला, शांत, एखाद्या वधूसारखा. मी टाचा उंचावून बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला शपथेवर सांगता येईल, तिने तोंड असं केलं जसं चुकीच्या घराची बेल वाजवल्यावर आपण करतो.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे मी तिचे पाय धरले, नशवाने हात, आणि सासूबाईंनी भिंत. “कुठली बाजू?” डॉक्टरांनी विचारलं. “उजवी,” मी लगेच सांगितलं. मी समोरून नीट बघितलं होतं. त्यांनी माझं ऐकलं न ऐकल्यासारखं करून दोन्हीकडे बॅटरी मारली, एक वाकडी काडी आत घातली, आणि फुटाणा काढून ताटलीत टाकला. टण्. “नशीब, फुगला नव्हता,” ते म्हणाले आणि एका चिठ्ठीवर खरडून ती मला दिली. मी ती न वाचता शर्टाच्या खिशात टाकली. मला वेळ नव्हता; ती कुणाकडे बघतेय हे मी बघत होतो. तिने फुटाणा परत मागून घेतला, कापसात गुंडाळला, आणि परतीच्या वाटेवर तो टॅक्सीवाल्याला दाखवला, कोपऱ्यावरच्या हलवायाला दाखवला, आमच्या इमारतीखालच्या औषधाच्या दुकानातल्या डॉक्टर विस्सांना दाखवला. मला दाखवला नाही. मी तिच्या शेजारीच चालत होतो.

त्या दिवशी दुपारी मी वही काढली. ही वही मी अनस जन्मला त्याच सकाळी, दवाखान्याच्या बाकावर बसून सुरू केली होती. संधी आयती चालून आली होती, शास्त्राला घरबसल्या असा नमुना रोज मिळत नाही. चार रकाने : वेळ, कृती, कुणासमोर, परिणाम. दुसरा दिवस : अनसची पावडर सगळ्या पाहुण्यांच्या बुटांत ओतली, तेतासमोर, किंकाळी, मग मिठी. तिसरा दिवस : दोन वर्षांची सवय मोडून चड्डीत केलं, मम्मासमोर, रागावणं, मग मांडीवर घेणं. चौथा दिवस : औषधाच्या दुकानात फरशीवर आडवी पडून ‘मी मेले’ असं जाहीर केलं, डॉक्टर विस्सांसमोर, पुदिन्याच्या तीन गोळ्या. पाचवा दिवस : बाळाला टिकल्यांचा फ्रॉक घालून ‘आता ही मुलगी आहे, परत करा’ असं सांगितलं, मम्मा आणि तेता दोघींसमोर, हसू, मग रडू, दोन्ही नशवाचं. मी ‘कुणासमोर’ हा रकाना वरपासून खालपर्यंत मोजला. मम्मा अकरा. तेता सात. डॉक्टर विस्सा तीन. मांजर एक. मांजरीसमोर तिने जीभ बाहेर काढून जिन्यात लोळून दाखवलं होतं. मी पानं उलटी करून पाहिली. मी शून्य होतो. माझं नाव त्या रकान्यात नव्हतंच, कारण ते लिहायची गरजच पडली नव्हती.

एखादा साधा बाप यावर खूश झाला असता. पोरगी माझ्यासमोर शहाण्यासारखी वागते, असं त्याने कॉफीच्या दुकानात चारचौघांना सांगितलं असतं. मला मात्र माहीत होतं की या वयातलं मूल ज्याचं लक्ष त्याला हवं असतं त्याच्यासमोरच वाह्यातपणा करतं. हे मीच शिकवतो, दुसऱ्या सत्राच्या तिसऱ्या धड्यात. मला स्वतःच्या धड्याने दाढेखाली पकडलं होतं. मी नशवाकडे बघू लागलो तो एका निराळ्याच नजरेने. ही बाई पलंगावर पडून असते, केस विंचरलेले नसतात, अंगाला दुधाचा आणि तुपात शिजवलेल्या मुगातचा वास येतो, ते बाळंतिणीचं पेय ती नाक मुरडून पिते, पोरीवर दिवसातून सहा वेळा ओरडते, आणि तिला अकरा मिळतात. मी आवाज चढवत नाही. मी पोरीच्या उंचीला बसून बोलतो. मी पर्याय देतो : ‘आधी दात की आधी पायजमा?’ आणि मी मांजरीच्याही मागे.

मी एक प्रयोग केला. त्याच दुपारी नशवा आणि बाळ झोपलं, सासूबाई बाजारात गेल्या, आणि मी रीताजला घेऊन बैठकीत बसलो. मुद्दाम तिच्या हाताला लागतील अशा वस्तू ठेवल्या : माझा चष्मा, शाईची दौत, उरलेले फुटाणे. मग वर्तमानपत्र वर धरलं आणि थांबलो. आयुष्यात मी कुठल्याच परीक्षेचा निकाल असा कान देऊन ऐकला नव्हता. कागदाआडून रंगीत खडूची खरखर येत होती. खरखर थांबली की माझं काळीज उचलायचं. आता दौत पडेल, आता. पुन्हा खरखर. वीस मिनिटांनी कागदाच्या कडेला एक छोटा हात आला आणि तिने विचारलं, “बाबा, तुला चहा सांगू का?” इतक्या अदबीने, की मी उठून जायला निघालेला पाहुणा आहे असंच मला वाटलं. मी ‘नको’ म्हणालो. तीही ‘बरं’ म्हणाली. दौतीला तिने हात लावला होता, पण नीट कडेला सरकवण्यासाठी. सांडू नये म्हणून.

संध्याकाळी तिला घेऊन मी खाली उतरलो, तिच्या नाकासाठी मलम आणायला. डॉक्टर विस्सांनी काउंटरवरून दोन्ही हात पसरले. “या, या, अबू अनस! मुबारक हो! आता खरे बाप झालात!” आमच्याकडे माणूस बाप झाला की त्याचं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरतं. चार वर्षं मी या गल्लीत अबू रीताज, म्हणजे रीताजचा बाप, होतो. भाजीवाल्यापासून मशिदीच्या मुअज्जिनपर्यंत सगळे तसंच म्हणायचे. मुलगा झाला आणि सहा दिवसांत, कुणी नोटीस न काढता, मी अबू अनस झालो. रीताजने माझं बोट धरलं होतं. मला आठवतं, ते नाव ऐकल्यावर तिने बोट सोडलं नाही. फक्त पकड अशी झाली, जशी बसमधली दांडी धरतात. मी विस्सांना दुरुस्त केलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. आठवडाभरात कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याविषयी काहीतरी जाहीरपणे बोललं होतं.

“ही आज मरणार नाही का?” विस्सांनी काउंटरवरून वाकून विचारलं.

“आज नाही,” रीताज म्हणाली. “आज बाबा आहे.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने मोठ्या माणसासारखा खांदा उडवला. विस्सा हसले. मी वही खिशातून अर्धी काढली आणि परत ठेवली. परिणाम या रकान्यात काय लिहायचं हे सुचेना.

मला वाटतं, इथे माझ्या कबुतरांच्या खुराड्याविषयी सांगायला हवं. दर वर्षी पहिल्या व्याख्यानात सांगतोच. मी साडेचार वर्षांचा होतो तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं, शुक्रीचं, सुबूअ झालं. घर बायकांनी भरलं होतं. मी शिडी चढून गच्चीवर गेलो आणि कबुतरांच्या खुराड्यात शिरून बसलो. उग्र, कोमट वास, मऊ पिसं, मान वाकडी करून बघणारे ते गोल डोळे. खालून खलबत्त्याचा आवाज येत होता, कारण सातव्याला आजी बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता बडवते, आणि बायका मोजत होत्या : पहिली बिस्मिल्ला, दुसरी बिस्मिल्ला. मला वाटलं, तिसऱ्याला कुणीतरी म्हणेल, हिल्मी कुठाय? कुणी म्हटलं नाही. सात झाल्या. मिठाई वाटली गेली. उन्हं उतरली तेव्हा मी स्वतःच खाली आलो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही की मी नव्हतो. “मुलींनो,” इथे मी एक क्षण थांबतो, “त्या दिवशी मी बालमानसशास्त्रज्ञ झालो.” दर वर्षी निदान दोन मुली डोळे पुसतात. एका वर्षी चौघींनी पुसले होते. ते वर्ष चांगलं गेलं.

सहाव्या दिवसाच्या संध्याकाळी मला खोकला झाला. खरा होता की नाही हे मी सांगू शकत नाही, सुरुवातीला नव्हता. मी नशवाच्या पलंगाच्या पायथ्याशी बसलो आणि खोकलो. ती बाळाला पाजत होती, रीताज तिच्या पाठीला डिंकासारखी चिकटून तिच्या केसांच्या गाठी सोडवत होती, म्हणजे नव्या बांधत होती. त्या तिघांचं मिळून एकच अंग झालं होतं आणि त्याला माझ्या बाजूने दार नव्हतं. मी पुन्हा खोकलो, छातीवर हात ठेवून.

“पाणी पी,” नशवा मान न वळवता म्हणाली.

“पाण्याने नाही जायचा हा.”

“मग नको पिऊस.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात मुगातचा पेला होता आणि पेल्याखाली, चटका बसू नये म्हणून, चौकोनी दुमडलेला एक कागद. मी तो अक्षरावरून ओळखला. आठवड्यापूर्वी मी तो फ्रिजवर चिकटवला होता, घरातल्या सगळ्यांसाठी सूचना : नको त्या वागण्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावं, ते आपोआप थांबतं.

“लक्ष देऊ नकोस, बाळा,” सासूबाई मुलीला म्हणाल्या. “आपोआप थांबतं. तुझ्याच नवऱ्याने लिहून ठेवलंय.”

थांबला. ही पद्धत लागू पडते, हे मला नमूद करायला हवं.

सातव्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर घर भरलं. बायका बैठकीत, आणि आम्ही पुरुष म्हणजे मी, स्वयंपाकघराच्या बोळात. बैठकीच्या मध्यभागी मोठी चाळण, चाळणीत रेशमी उशी, उशीवर अनस, लाल, सुरकुतलेला, कुणाला काही विचारायचं राहून गेल्यासारखा. डोक्याशी सजवलेली पितळी सुरई. सासूबाईंनी कोपऱ्याकोपऱ्यांत मीठ उधळलं, दृष्ट लावणाऱ्यांच्या डोळ्यांत. एक मूठ बोळाच्या दिशेनेही आली आणि माझ्या चष्म्यावर बसली. मी ती पुसली. चष्मा डोळ्यांवर चढवताना मी बैठकीतले चेहरे सवयीने मोजले, आणि रीताज नव्हती.

कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मला हे कबूल करायला लाज वाटली पाहिजे, पण माझ्या अंगावर जो काटा आला तो काळजीचा नव्हता. आनंदाचा होता. या घरात आज एकच माणूस असा होता ज्याला ठाऊक होतं की सातव्याच्या दिवशी मोठं मूल कुठे जातं. बेचाळीस वर्षं मी याची तयारी करत होतो. बाकीच्यांना ती सापडूच नये, अशी मी मनोमन प्रार्थनाही करून घेतली. मग न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, आणि पांघरुणांच्या कपाटाच्या फटीतून तिच्या पिवळ्या फ्रॉकचं टोक बाहेर आलेलं दिसलं. मुलं लपतात ती सापडण्यासाठी. टोक बाहेर ठेवतातच. हे माझ्या टिपणांत आहे. मी कपाटासमोर फरशीवर मांडी घातली. गुडघे वाजले.

“कोण आहे?” आतून आवाज आला. आवाज एकदम ताजा होता, वाट बघून तापलेला.

“मी.”

“मी कोण?”

“अबू...” मी म्हणालो आणि थांबलो. कपाटातून श्वास ऐकू येत होता. “अबू रीताज.”

बैठकीत बायकांनी एका सुरात म्हटलं, पहिली बिस्मिल्ला, आणि खलबत्ता वाजला. नशवाने चाळण पहिल्यांदा ओलांडली होती. अशा सात व्हायच्या होत्या.

“तू नको,” रीताज म्हणाली.

“का गं?”

“मम्मा शोधतेय मला.”

“मला सापडलीस ना पण.”

“ते नाही मोजायचं.” मग जरा विचार करून, “वही आणलीस?”

“नाही.”

“खोटं. हात दाखव.”

दार चार बोटं उघडलं. मी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, मग खाली, जेवायच्या आधी ती मला दाखवते तसे. एक डोळा त्यांच्यावरून फिरला.

“मग तू काय करतोयस?”

“बसलोय.”

“कशाला?” मी चष्मा सारखा केला. तिने उसासा टाकला, मंदबुद्धी विद्यार्थ्यावर मी टाकतो तसा. “मम्मा ओरडते. तेता ओरडते. तू लिहितोस,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. लाकडाआडून पुन्हा : “मम्मा येतेय का?”

“येतेय,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. नशवाला काही माहीत नव्हतं; दुसरी बिस्मिल्ला झाली होती आणि ती बैठकीच्या मधोमध, मेणबत्त्यांच्या उजेडात, सगळ्यांच्या नजरा पायांवर घेऊन चालत होती. मला फक्त उठून चार पावलं जायचं होतं. मी उठलो नाही. मी हिशेब मांडला होता : तिसरी होईल, चौथी होईल, मम्मा येणार नाही, आणि सातव्यानंतर या कपाटात जे उरेल ते मुकाट्याने माझ्याकडे येईल. दुसरं कुणी नसेलच. मी वाट बघत होतो की माझी मुलगी हताश व्हावी. याला आमच्या शास्त्रात एक नाव आहे आणि मी ते परीक्षेत विचारतो. तिसरी बिस्मिल्ला. कपाटातून कापूर आणि जुन्या लोकरीचा वास येत होता, आणि आत नखाने लाकूड खरवडण्याचा आवाज, क्रमाने, दर काही सेकंदांनी, म्हणजे तीही मोजत होती. मला तो आवाज ओळखीचा वाटला. कबुतरं असं करायची. चोचीने. मग शिडीचा आवाज यायचा.

शिडीचा आवाज. शिडीचा आवाज माझ्या व्याख्यानात नाही. चौथी बिस्मिल्ला म्हटली गेली आणि मी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती शिडी ऐकली : तिसऱ्या पायरीची करकर, मग खुराड्याच्या झरोक्यात रेल्वेच्या तेलाचा आणि हिरव्या साबणाचा वास, आणि वडिलांचं डोकं, टक्कल पडू लागलेलं, घामेजलेलं. सगळ्या गच्च्या पालथ्या घालून आल्यासारखे ते धापा टाकत होते. “इथे आहेस होय रे, गाढवा,” ते म्हणाले. आणि मी काय म्हणालो तेही मला ऐकू आलं. “तुम्ही नको. आईला पाठवा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाले. शिडी पुन्हा करकरली. ते खाली गेले आणि त्यांनी आईला सांगितलं नाही. मी संध्याकाळपर्यंत बसलो. एकोणीस वर्षं मी मुलींना सांगतोय की मला कुणी शोधायला आलं नाही; ते नाही मोजायचं, असं मीही धरून चाललो होतो. आणि त्यांनी आईला का सांगितलं नाही हे मला कधी कळलं नसतं, जर मी त्या क्षणी त्याच जागी, त्याच कारणासाठी, मांडी घालून बसलेलो नसतो.

पाचवीला मी बैठकीत होतो. माझ्यामागे काय पडलं कोण जाणे, बहुतेक सुरई. नशवाचा एक पाय चाळणीवर, हवेत होता.

“बाप्यांचं काय काम इथे?” सासूबाईंचा बत्ता वरच्या वर थांबला. “पाचवर अडवलंत? उस्ताद, शिकलेले ना तुम्ही? पाचवर अडवतात का कुणी?”

“नशवा,” मी म्हणालो, “रीताज हरवलीय.”

नशवाचा चेहरा पांढरा पडला. मी तिच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, “कपाटात आहे. पांघरुणांच्या. पण मी सांगितलं असं दाखवू नकोस. आधी पलंगाखाली शोध. मोठ्याने.”

तिने माझ्याकडे बघितलं. सात दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण बघितलं, तेही वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं. पण मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही, हे मी मागाहून लक्षात घेतलं. मग ती चाळण सोडून, टाक्यांवर हात दाबत, आतल्या खोलीकडे निघाली. “रीताज? अगं बाई, गेली कुठे माझी पोर? पलंगाखाली तर नाही?” तिला वाकता येत नव्हतं, तरी ती वाकली, मला तिचा कण्हण्याचा आवाज बोळापर्यंत आला. “पडद्यामागे? नाही. देवा, आता कुठे शोधू?” आणि मग कपाटाचं दार, आणि अशी किंकाळी, इतकी सुखाची, की चाळणीतला अनस दचकून रडायला लागला.

मोडलेली मोजणी धरत नाहीत. सासूबाईंनी पुन्हा पहिलीपासून लावली. या वेळी नशवाच्या हातात रीताजचा हात होता आणि दोघी मिळून ओलांडत होत्या, रीताज दर खेपेला उडी मारून, फ्रॉक फुगवून, बायका टाळ्या वाजवत होत्या. सासूबाई अनसच्या कानाशी खलबत्ता बडवत ओरडत होत्या, “आईचं ऐक, बापाचं ऐकू नको! ताईचं ऐक, बापाचं ऐकू नको!” ताईची ओळ त्यांनी जागच्या जागी घातली होती. आजवर कुठल्याच सुबूअमध्ये मी ती ऐकली नव्हती, आणि त्या बाईने एकही धडा वाचलेला नाही. रीताजने मम्माकडे बघितलं, तेताकडे बघितलं, शेजारणीकडे, मेणबत्त्यांकडे. मी बोळात होतो. मला खोकला आला. या वेळी खरा होता, मिठाचा.

पिशव्या वाटून झाल्यावर बायका मुगात पीत गप्पांना बसल्या. मी बोळातल्या स्टुलावर होतो. रीताज आली आणि काही न बोलता माझ्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, माझ्यासारखीच समोर बघत उभी राहिली. हातात निळी पिशवी. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामे होते. पिशवीतून एक फुटाणा काढला, दोन बोटांत धरला, मान किंचित वळवून माझ्याकडे बघितलं, खात्री करून घेतली की मी बघतोय, आणि हळूच, अगदी हळूच, तो नाकपुडीला टेकवला.

“रीताज!” मी ओरडलो. मी असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. बैठकीतले सगळे पेले थांबले. सासूबाई म्हणाल्या, “या रहमान, आता ह्यांना काय झालं?” रीताजच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग तिच्याखालून वर आलं ते हसू, रुंद, दात दाखवणारं, आणि ते दुसऱ्या कुणाकडे बघत नव्हतं. तिने फुटाणा तोंडात टाकला, कुडुम् करून चावला आणि पळाली.

मी स्टुलावर बसून राहिलो. ती माझ्या शेजारी उभी होती, माझ्याच दिशेला तोंड करून, म्हणून मला स्वच्छ दिसलं होतं : फुटाणा डाव्या नाकपुडीला होता. डाव्या. उजवी त्यांच्यासाठी होती, मम्मा, तेता, विस्सा, टॅक्सीवाला, सगळ्या गावासाठी. माझ्यासाठी तिने दुसरी राखून ठेवली होती, न वापरलेली. वही माझ्याजवळ नव्हती, आणि लिहायचं नाही असं मी ठरवलंच होतं. पण एवढं एक विसरता कामा नये, म्हणून मी शर्टाच्या खिशात कागद चाचपला. कालच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली. मी ती उलटी करायला उघडली.

‘डाव्या नाकपुडीतून फुटाणा काढला,’ असं तिच्यावर लिहिलं होतं. ‘उजवी पूर्ण मोकळी.’